शोरूमचं कंत्राट की स्वतःचं शटर: मराठवाड्यात कार डिटेलिंगचा हिशेब

गाडी धुणं, रबिंग, इंटिरियर, कोटिंग एवढं हाताला बसलं की प्रश्न येतोच: शोरूमकडे जायचं की स्वतःचं शटर भाड्याने घ्यायचं? बहुतेक जण याचं उत्तर एका गाडीमागच्या दरावरून काढतात आणि तिथेच गणित चुकतं. शोरूमचा दर कमी म्हणून सोडून आलेले सहा महिन्यांत भाडं थकवून बसतात. दर ठरलेला आहे म्हणून शोरूमला चिकटून राहिलेल्यांचं बिल दोन-दोन महिने अकाउंट्सच्या टेबलावर पडून असतं. म्हणून आधी तीन गोष्टी विचारा. महिनाअखेर हातात किती उरतं? ते कधी येतं? आणि ओरखडा उठला तर पैसे कोण भरतं?

शोरूममध्ये काम तीन तऱ्हेने मिळतं

पहिली तऱ्हा पगाराची. बहुधा मॅनपॉवर एजन्सीमार्फत. यात पीएफचा यूएएन नंबर आणि ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड पहिल्या महिन्यातच मागून घ्या. ईएसआय २१,००० रुपयांपर्यंतच्या पगाराला लागू आहे. पगारातून कपात होते पण खात्यात भरणा होत नाही, असं असेल तर ते पासबुकात लगेच दिसतं.

दुसरी तऱ्हा गाडीमागे दराची: डिलिव्हरीची गाडी इतके, सर्व्हिसला आलेल्या गाडीचं वॉशिंग इतके. तिसरी तऱ्हा कोटिंगची. शोरूम ग्राहकाला सिरॅमिक (पेंटवर कडक बसणारा थर) किंवा पीपीएफ (पेंट वाचवणारी पारदर्शक फिल्म) विकतं, लावता तुम्ही, आणि ग्राहकाने दिलेल्या रकमेतला ठरलेला वाटा तुम्हाला मिळतो. पैसा या तिसऱ्यात आहे. पण शोरूम ती तऱ्हा नवख्याला देत नाही, आधी डिलिव्हरीच्या गाड्यांवर हात बघतं.

डिलिव्हरीची गाडी सोपी वाटते कारण ती नवी असते. प्रत्यक्षात ती ट्रेलरवरून आलेली, मग स्टॉकयार्डात आठवडे उन्हात उभी राहिलेली असते. अंगावर कबुतराची घाण, प्लॅस्टिक फिल्मचा गोंद आणि काळ्या मातीची बारीक धूळ. यार्डातला पोरगा रोज सकाळी तिच्यावर कोरडं फडकं मारतो आणि कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे तिथेच उठतात. ते पहिल्यांदा दिसतात मालकाने घरी नेऊन उन्हात उभी केल्यावर, आणि बोट तुमच्याकडे जातं. म्हणून गाडी ताब्यात घेताना एलईडी टॉर्च तिरपा धरून बोनेट, छत, चारही दारं बघा, मोबाईलवर फोटो काढा आणि सुपरवायझरच्या ग्रुपवर टाका. दोन मिनिटं जातात. तेवढ्यात बोनेटला नव्याने पेंट मारून द्यायची वेळ टळते.

गाडीला साधारण पाऊण तास मिळतो. क्रम असा ठेवा: आधी चाकं, वेगळ्या बादलीने आणि वेगळ्या फडक्याने, मग नुसत्या पाण्याचा प्रेशर, मग फोम, मग दोन बादल्यांनी हात. एका बादलीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी, दोन्हींच्या तळाला जाळी. मिट, म्हणजे धुण्याचा हातमोजा, आधी साध्या पाण्यात खळबळायचा, मगच शाम्पूत बुडवायचा. छतापासून खाली या. सिल म्हणजे दाराखालची कड; तिच्याखालचा भाग सगळ्यात शेवटी, कारण खडे तिथेच असतात.

फिल्मचा गोंद नखाने खरवडू नका. हेअर ड्रायरने कोमट करा, टार रिमूव्हर लावा, पुसा. रॉकेलनेही निघतो, पण त्याचा तेलकट थर राहतो आणि वर लावलेलं वॅक्स धरत नाही.

शोरूममधल्या दोन चुका महाग पडतात. टायरची चमक डिस्कवर किंवा टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागावर उडाली की ब्रेक घसरतो. म्हणून ती स्पंजवर घेऊन फक्त बाजूच्या भिंतीला लावा, गाडीवर थेट फवारू नका. दुसरी चूक बॉडीशॉपजवळ होते. सिलिकॉन असलेला डॅशबोर्ड स्प्रे पेंट बूथच्या आसपास मारला की हवेतले कण ताज्या पेंटवर बसतात आणि पेंटला माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. पेंटरला कारण लगेच कळतं. त्याच्याशी भांडण झालं की कंत्राटाचं आयुष्य संपलं समजा. पाण्याचा बेस असलेलं ड्रेसिंग वापरा.

कंत्राटावर सही करण्याआधी

आधी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, करा. आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते, फुकट असते. सायबर कॅफेवाला हजार रुपये मागत असेल तर उठून या. ही नोंदणी काम सुरू होण्याआधीची हवी. २००६ च्या एमएसएमई कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत चुकतं करावं लागतं. उशीर झाला तर चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय आयकरात अशी थकलेली रक्कम त्या वर्षीचा खर्च म्हणून धरता येत नाही. त्यामुळे मार्चअखेर शोरूमचा अकाउंटंट स्वतःहून फोन करतो. बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असला तरच.

करारात काय हवं? हॅचबॅक, सेडान, एसयूव्ही यांचे वेगळे दर. पाणी आणि वीज कोणाची. महिन्याला किमान किती गाड्यांचे पैसे नक्की मिळणार. कोटिंगच्या गाडीत तक्रार आली तर फुकट दुरुस्ती किती वेळा आणि कोणत्या कारणासाठी. आणि बाहेर स्वतःचं काम करायला मनाई नाही, हे वाक्य स्पष्ट लिहून घ्या.

एक हिशेब मांडून बघू. आकडे नुसते रीत दाखवायला आहेत, तुमच्या गावचे दर घालून पुन्हा करा. महिन्याला १५० गाड्या, दर ३०० रुपये, म्हणजे ४५,०००. दोन पोरांचा पगार २६,०००. केमिकल आणि फडकी गाडीमागे ३५ रुपये, म्हणजे ५,२५०. उरले १३,७५०, तेही तुम्ही स्वतः दिवसभर राबून. आता बिल ६० दिवसांनी निघतं असं धरा. दोन महिन्यांचा खर्च, ६२,५०० रुपये, आधी तुमच्या खिशातून गेलेला असतो. भांडवल लागत नाही म्हणून लोक शोरूमकडे जातात; हे भांडवल मात्र कुणी मोजत नाही.

जीएसटीची नोंदणी सेवेच्या धंद्याला वर्षाला २० लाखांच्या उलाढालीनंतर सक्तीची होते. पण शोरूमला इनपुट क्रेडिट (तुमच्या बिलावरचा कर स्वतःच्या करातून वजा करणं) हवं असतं, म्हणून ते आधीच मागतात. नोंदणी केलीत की १८ टक्के कर बिल केलेल्या महिन्याच्या हिशेबात भरायचा. शोरूमने पैसे दिले असोत वा नसोत. वरच्या उदाहरणात ते ८,१०० रुपये होतात. याशिवाय कंत्राटदार एकटा माणूस असेल तर बिलातून १ टक्का टीडीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापला जातो. तो रिटर्न भरलं की करात वळता होतो किंवा परत मिळतो, न भरणाऱ्याचा बुडतो.

स्वतःचं शटर: आधी पाणी बघा, मग जागा

या धंद्यात दोन टीडीएस असतात. एक बिलातून कापला जातो, दुसरा पाण्यात असतो, म्हणजे विरघळलेले क्षार, आणि मराठवाड्यात दुसरा जास्त त्रास देतो. जागा बघायला जाताना दोनशे-तीनशे रुपयांचं टीडीएस मीटर खिशात ठेवा. पिण्याच्या पाण्याची मान्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. बेसाल्टातल्या खोल बोअरचं पाणी सहज त्याच्या पुढे जातं. असं पाणी बोनेटवर वाळलं की कॅल्शियमचे पांढरे गोल उरतात. काळ्या गाडीवर ते दहा फुटांवरून दिसतात.

सॉफ्टनर आणि आरओ यांत गल्लत करू नका. सॉफ्टनर कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या जागी सोडियम घालतो. मीटरवरचा आकडा तसाच राहतो, पण वाळल्यावर राहिलेला डाग ओल्या फडक्याने निघतो, शाम्पूला फेसही चांगला येतो. आरओ आकडाच खाली आणतो, मात्र निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाणी बाहेर टाकतो. म्हणून सगळी गाडी आरओने धुणं मूर्खपणा आहे. धुणं सॉफ्टनरच्या पाण्याने करा. शेवटचे १५ ते २० लिटर आरओचे, बिनप्रेशरच्या पाइपने छतावरून सोडा. पाणी चादरीसारखं घसरत जातं आणि पुसायला फार उरत नाही. आरओचं टाकाऊ पाणी चाकांच्या कमानी आणि चेसिस भिजवायला वापरा.

मिनिटाला ७ लिटरचा प्रेशर पंप, सहा मिनिटं चालला तर ४२ लिटर; फोम, बादल्या, शेवटचा हात धरून गाडीला ७० ते ८० लिटर. दिवसाला दहा गाड्या धुतल्या तर ५,००० लिटरचा टँकर सहा दिवस पुरतो. हा हिशेब मे महिन्याच्या टँकरच्या दराने करा. जानेवारीच्या दराने केलेला हिशेब उन्हाळ्यात हसतो. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. तशा साली गल्लीतल्या लोकांसमोर प्रेशर पंप चालवून गाडी धुणारा दुकानदार शिव्याच खातो. तेव्हासाठी रिन्सलेस वॉश (वरून पाणी न ओतता धुणं) आधीपासून शिकून ठेवा. १० लिटर पाणी, त्यात साधारण ४० मिली केमिकल, बाटलीवरचं प्रमाण बघून. आठ-दहा मायक्रोफायबर त्यात बुडवून ठेवायचे. एक काढला की चौघडी घालायची, दोन्ही बाजू मिळून आठ घड्या मिळतात. एका घडीने एकच पट्टा, सरळ रेषेत, दाब न देता, मग घडी बदलायची. एकदा वापरलेला पुन्हा बादलीत घालायचा नाही. धुळीच्या गाडीला हे उत्तम जमतं. शेतातून चिखल माखून आलेल्या गाडीला नाही. तिला पाणी लागतंच.

काळा चिखल वाळला की सिमेंटसारखा धरतो. त्यावर लगेच जोराचा प्रेशर मारला तर खडा पेंटवरून घासत जातो. आधी फोम मारून पाच मिनिटं भिजू द्या, मग एक हात लांबून पाणी सोडा, चिखल ओघळायला लागला की जवळ जा.

जागेत आणखी काय बघायचं: निदान एक बे (गाडी उभी करायचा गाळा) चारही बाजूंनी बंद होणारा असावा, नाहीतर कोटिंगचं काम घेऊच नका. पंप, दोन मोटरचा व्हॅक्यूम आणि पॉलिशर एकदम चालले तर चार-पाच किलोवॉट सहज लागतं. महावितरणकडे मंजूर भार तेवढा आहे का ते आधीच्या भाडेकरूच्या बिलावर बघा. सांडपाण्याला गाळाचा खड्डा आणि त्यापुढे तेल अडवणारा सापळा हवा. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती कोणत्या प्रकारात लागते ते त्यांच्या कार्यालयात विचारून घ्या. दोन-चार माणसांच्या दुकानाला शॉप ॲक्टची नुसती ऑनलाइन सूचना पुरते.

पैसा पॉलिशमध्ये आहे, आणि धोकाही

पुन्हा रीत दाखवायला आकडे. भाडं १२,०००, दोन पोरं २६,०००, वीज ४,०००, पाणी ५,०००, केमिकल ८,०००, कर्जाचा हप्ता ९,०००. महिन्याचे ६४,०००. ४०० रुपयांचं फोम वॉश करून हे भागवायचं म्हटलं तर १६० गाड्या लागतात, आणि मालकाला शून्य उरतं. आता ८० वॉश म्हणजे ३२,०००, १,८०० च्या दराने १२ इंटिरियर म्हणजे २१,६००, ३,५०० च्या दराने सहा रबिंग-पॉलिश म्हणजे २१,०००. एकूण ७४,६००, उरले १०,६००. त्यात केमिकल वजा जाऊन १०,००० सुटणारं एक कोटिंग आलं की उरलेले जवळजवळ दुप्पट होतात. वॉशिंगने दुकान जागं राहतं, घर चालतं ते मशीनवर.

म्हणून ड्युअल ॲक्शन पॉलिशर (पॅड गोल फिरतानाच हलवणारं मशीन) आणि पेंटची जाडी मोजणारं मीटर या दोन वस्तूंत काटकसर नको. कंपनीच्या पेंटची एकूण जाडी साधारण १०० ते १४० मायक्रॉन असते, त्यातला वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर, ३५ ते ५०. एवढंच तुमचं भांडवल. मीटर २०० च्या वर गेलं तर तो भाग पुन्हा पेंट झालेला आहे. आणखी बरंच वर गेलं तर खाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे. ते आकडे जॉब कार्डवर लिहा, ग्राहकाची सही घ्या. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांकडून काम घेत असाल तर ही सवय आणखी उपयोगी पडते.

काम असं: धुतलेली गाडी, त्यावर आयर्न रिमूव्हर. जालन्याच्या स्टील कारखान्यांच्या बाजूला उभ्या राहणाऱ्या पांढऱ्या गाड्यांवर नारिंगी ठिपके दिसतात, ते लोखंडाचे कण. रिमूव्हर तीन ते पाच मिनिटांत जांभळा होतो. वाळायच्या आत धुवायचा. मग वंगण मारून क्ले, म्हणजे चिकटलेले कण उचलणारा मऊ गोळा. कडांना, दाराच्या रेघेला, रबराला टेप. पॅडवर कंपाउंडचे चार थेंब, दोन फूट बाय दोन फूट एवढाच भाग. आधी कमी वेगाने पसरवा, मग चार-पाच नंबरवर आडवे-उभे मिळून चार ते सहा फेरे, प्रत्येक फेरा आधीच्यावर निम्मा चढलेला. पुसा, टॉर्चने बघा. एका छोट्या चौकोनावर जमलं तरच पुढे जा. सुरुवात नेहमी मऊ पॅडने. आठ इंची रोटरी बफ (नुसतं गोल फिरणारं मशीन) ज्यांच्या हाती आहे ते घाई करतात. कड जळते, आणि न जळली तरी उन्हात इंद्रधनुषी वळ्या दिसतात. मॅट फिनिशच्या गाडीला मशीन लावायचंच नाही.

एप्रिल-मेमध्ये पत्रा हाताला सोसत नसेल तर कंपाउंड सुकून भुकटी होतं, कापत काहीच नाही. पहाटे पाच ते दहा मशीन, दुपारी इंटिरियर, असा दिवस लावा.

पाण्याच्या पांढऱ्या डागांना समप्रमाणात व्हिनेगर आणि पाणी, सावलीत, एक-दोन मिनिटं, मग भरपूर पाणी. त्यानेही न गेलेला डाग क्लिअरमध्ये खोल गेलेला असतो. तिथे पॉलिशच लागतं.

इंटिरियरमध्ये छताच्या कापडाला भिजवू नका. मागचा गोंद सुटतो आणि कापड लोंबतं; ती दुरुस्ती तुमच्या अंगावर येते. क्लीनर एकास दहा पाणी, फडक्यावर घेऊन, हलक्या हाताने. बटणं आणि स्क्रीनवर फवारा कधीच नाही.

कोटिंग लावण्याआधी आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) तेल काढा. ३० मिलीची बाटली साधारण एका सेडानला पुरते. उन्हाळ्यात दीड फुटाचा चौकोन घ्या, कारण ते काही सेकंदांतच धरतं. हिवाळ्यात मिनिट-दोन मिनिटं देतं. उशीर झाला की तेलकट पट्टा उरतो. तासाभरात दिसला तर त्याच कोटिंगच्या ओल्या फडक्याने निघतो, दुसऱ्या दिवशी मशीन लागतं. वापरलेलं फडकं धुऊन पुन्हा घेऊ नका, त्यातलं कोटिंग काचेसारखं कडक होतं. २४ तास पाणी नाही, आठवडाभर शाम्पू नाही.

इथे पूजेचा घोळ होतो. दसऱ्याला सकाळी कोटिंग करून दिलेल्या गाडीवर दुपारी कुंकवाचं ओलं स्वस्तिक निघतं आणि हारातली तार बोनेट ओरबाडते. ग्राहकाला आधी विचारा. पूजा करून चार दिवसांनी आणा म्हणणं उत्तम. घाई असेल तर स्वस्तिकाच्या जागी पारदर्शक फिल्मचा तुकडा चिकटवून द्या. हार दोऱ्यात ओवलेला आणायला सांगा. हळदीचा फिकट डाग उन्हात आपोआप जातो. वायपरखालच्या काळ्या प्लॅस्टिकवरचं तेलातलं कुंकू मात्र चिवट, ते त्याच दिवशी धुवा.

दोन्ही एकदम चालवायचं असेल तर

बऱ्याच जणांना हेच परवडतं: सकाळी शोरूम, दुपारनंतर शटर. फक्त पैशाचं वेळापत्रक समजून घ्या. सोयाबीनचा पैसा ऑक्टोबरच्या आसपास येतो, कापसाचा त्यानंतर; दसरा, धनत्रयोदशी आणि दिवाळी पाडव्याला शोरूममध्ये डिलिव्हरींची रांग लागते. त्याआधीचा पितृपक्ष मोकळा जातो. त्या पंधरवड्यात पॅड आणि फडकी भरा, जादा पोरांना हात शिकवा, शोरूमचं जुनं बिल मागा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी बिल मागितलं तर मॅनेजर फोन उचलत नाही.

पावसाळ्यात वॉशिंग पडतं. तेव्हा बुरशी आणि ओलसर वासाच्या गाड्यांचं इंटिरियर, एसीचं इव्हॅपोरेटर साफ करणं, काचेचं कोटिंग यांची जाहिरात करा.

कर्ज घ्यायचं तर मुद्रामध्ये ५०,००० पर्यंत शिशु, ५ लाखांपर्यंत किशोर. बँक मशीनचं कोटेशन मागते. पहिल्या वर्षी पीपीएफ कापायचं प्लॉटर त्यात घालू नका, पत्र्यावर हाताने कापायला शिकल्याशिवाय ते उभंच राहतं. शोरूमचं कंत्राट सोडायची वेळ ओळखायची तर वहीत दोन रकाने ठेवा: शोरूममध्ये घातलेले तास आणि शटरवर घातलेले तास, प्रत्येकाच्या पुढे त्या महिन्यात खरोखर जमा झालेली रक्कम. सलग तीन महिने, त्यात एक उन्हाळ्याचा, शटरचा तास महाग निघाला तर एक महिन्याची लेखी नोटीस द्या, आणि नोटीस देण्याआधी थकलेलं बिल काढून घ्या.